सोरॉरिटी काढणाऱ्या बाईला मोठं म्हणायचं की नाही? (एथेल हेजमन लाइल, आणि मग विषय नागपूरला गेला)

जाईजुई

काल कमला हॅरिसच्या सोरॉरिटीवरून, म्हणजे अल्फा कप्पा अल्फा या अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थिनींच्या संघटनेवरून, बोलणं चाललं होतं तेव्हा रोखठोक_पुणे यांनी लिहिलं की "सोरॉरिटी म्हणजे श्रीमंत बापांच्या पोरींचा गुलाबी कपड्यातला क्लब, असला क्लब काढणाऱ्या एथेल लाइलची जयंती कसली करताय, आपल्याकडे सावित्रीबाई आहेत". रात्री उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, झोप काही लागली नाही, तर आता सगळंच लिहिते.

मी फिलाडेल्फियात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये १९ वर्षं काम करतेय. माझ्या शेजारच्या बेंचवर एक ब्लॅक बाई होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. लॅबकोटच्या आत, कॉलरच्या खाली, त्या एक बारीकशी पिन लावायच्या, आयव्हीच्या पानाच्या आकाराची, तिच्यावर मोती. एकदा त्यांनीच मला मोजायला लावले, वीस भरले. म्हणाल्या, आमच्या अल्फा कप्पा अल्फाच्या संस्थापक वीस जणी, एक मोती एकीचा. तोवर मलाही वाटायचं सोरॉरिटी म्हणजे पार्ट्या. पण त्या सत्तरीला आल्या तरी दर महिन्याला मीटिंगला जायच्या, वर्गणी भरायच्या, हायस्कूलच्या मुलींच्या स्कॉलरशिपचे अर्ज घरी आणून रात्री वाचायच्या. कॉलेज सुटून पन्नास वर्षं झाली होती! गोऱ्या मुलींच्या सोरॉरिट्या बऱ्याच जणींच्या बाबतीत कॉलेजबरोबर मागे पडतात, यांचं खरं काम कॉलेज संपल्यावर सुरू होतं. त्या गेल्या तेव्हा पांढऱ्या कपड्यातल्या बायकांची रांग चर्चच्या दारापासून फुटपाथपर्यंत होती आणि त्यातल्या निम्म्या जणी त्यांना प्रत्यक्ष कधी भेटल्याही नसतील.

आता लाइलबाई. जन्म १८८७, सेंट लुईस. ब्लॅक मुलांच्या समनर हायस्कूलमधून १९०४ ला पास झाल्या, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या ब्लॅक विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात स्कॉलरशिपवर आल्या. श्रीमंत बापाची पोर स्कॉलरशिपवर येत नाही हो. तिथे एथेल रॉबिन्सन नावाच्या शिक्षिका होत्या, त्या ब्राऊनला शिकलेल्या, त्यांनी तिकडच्या मुलींच्या सोरॉरिट्यांबद्दल सांगितलं, आणि या मुलीने मैत्रिणींना गोळा करून १५ जानेवारी १९०८ ला मायनर हॉलमध्ये अल्फा कप्पा अल्फा सुरू केली. कृष्णवर्णीय कॉलेज विद्यार्थिनींची देशातली पहिली ग्रीक अक्षरांची संघटना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिंकनच्या गावात, स्प्रिंगफील्डमध्ये, ब्लॅक वस्ती जाळली गेली. अशा वर्षात वीस-एकवीस वर्षांच्या मुली "आपली स्वतःची संघटना हवी" म्हणतात, त्याला पार्टी क्लब म्हणायला जीभ कशी रेटते?

रोखठोक_पुणे

ताई, झोप लागली नाही याबद्दल वाईट वाटलं, पण मत बदललेलं नाही. श्रीमंत हा शब्द चुकला, तो मागे घेतो. पण १९०८ साली कॉलेजात पोचलेली ब्लॅक मुलगी म्हणजे समाजातली किती बारीक टोकावरची मुलगी, हे तरी मान्य कराल? त्या मुलींनी मुलींचा गट केला, त्याला ग्रीक अक्षरं दिली, रंग ठरवले, ब्रीदवाक्य ठरवलं. यात समाजसुधारणा कुठे? सावित्रीबाईंनी १८५२ ला संक्रांतीच्या तिळगुळाला सगळ्या जातीच्या बायकांना एका जाजमावर बसायला बोलावलं होतं, निमंत्रणातच तसं लिहून. जाजम अंथरणं वेगळं आणि निवडक जणींना पिन लावणं वेगळं. माझा आक्षेप हा आहे.

आणि दुसरं, तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. १९१२-१३ मध्ये याच संघटनेतल्या २२ मुली म्हणाल्या की आपल्याला नाव बदलायचंय, काम बदलायचंय, नुसतं आपापसात भेटून चालणार नाही. जमलं नाही म्हणून १३ जानेवारी १९१३ ला त्यांनी डेल्टा सिग्मा थीटा ही वेगळी सोरॉरिटी काढली आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्चला, वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात रस्त्यावर उतरल्या. मग खरा वारसा कुणाचा?

कोपऱ्यातला_वाचक

रोखठोक, २२ जणींचं बरोबर आहे, पण पुढची अर्धी गोष्टही सांगा. त्या फुटल्या तेव्हा लाइलबाई वॉशिंग्टनमध्ये नव्हत्याच. १९०९ ला पदवी घेतली, ओक्लाहोमात युफॉलाला शिकवलं, मग इलिनॉयमध्ये, १९११ ला लग्न. संघटना वाचवली ती नेली क्वांडर यांनी. त्या नुकत्याच पदवीधर झालेल्या, त्यांनी मुलींना विचार बदलायला मुदत दिली, मुली हलल्या नाहीत, तशी क्वांडरबाईंनी २९ जानेवारी १९१३ ला संस्थेची कायदेशीर नोंदणी करून टाकली. नोंदणीमुळेच ती एका कॉलेजातला ग्रुप न राहता देशभर शाखा काढू शकणारी संस्था झाली. म्हणजे मला विचाराल तर अल्फा कप्पा अल्फाच्या दोन संस्थापक आहेत आणि दुसरीचं नाव कुणी घेत नाही.

आणि मोर्चाचं म्हणाल तर याच क्वांडरबाईंनी फेब्रुवारी १९१३ मध्ये आयोजक अ‍ॅलिस पॉल यांना पत्र लिहिलं होतं की हॉवर्डच्या मुलींना मोर्चात जागा हवी आहे, पण वर्णावरून भेदभाव होणार असेल तर आम्हाला यायचंच नाही. त्यामुळे एक गट चहा पीत बसला होता आणि दुसरा लढत होता, इतकं सोपं नाहीये ते.

वऱ्हाडी_पाटी

हे पत्राचं वाचलं आणि मला राहवलं नाही. का लिहावं लागलं हो असं पत्र? कारण आयोजक गोऱ्या बायकांना भीती वाटत होती की ब्लॅक बायका सोबत चालल्या तर दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका येणार नाहीत. ब्लॅक पत्रकार आयडा वेल्सबाईंना सांगितलं गेलं मागे चाला, त्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयची तुकडी आली तशा मधेच शिरून आपल्या राज्याच्या रांगेत चालल्या.

आता आपल्याकडचं सांगते. १९३७, नागपूर, अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन. जाईबाई चौधरी तिथे गेलेल्या. ही बाई कोण, तर नागपूर-कामठी डोक्यावर ओझी वाहून हमाली केलेली, मग शिकली, आमच्या मुलींसाठी नागपुरात चोखामेळा नावाने शाळा काढली. जेवायच्या वेळी तिला वेगळं बसवलं. स्त्रियांच्या हक्कांची परिषद! मग १ जानेवारी १९३८ ला आमच्या बायकांनी नागपुरात निषेधाची सभा घेतली. आणि १९४२ च्या जुलैत नागपुरातच दलित महिलांची स्वतःची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, बाबासाहेब समोर, हजारो बायका.

तर "वेगळा क्लब कशाला" हे रोखठोक भाऊंनी विचारूच नये. वेगळं ताट ज्यांनी मांडलं त्यांना विचारावं.

रोखठोक_पुणे

मी वेगळा क्लब कशाला असं म्हटलेलंच नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका. आणि एका अधिवेशनातल्या पंगतीवरून अख्ख्या महिला परिषदेला झोडपायची फॅशन झालीय, त्यांनी बालविवाहावर, मतदानावर, वारसाहक्कावर किती काम केलं तेही सांगा की. स्वयंपाकाची व्यवस्था बघणाऱ्या चार बायकांची चूक होती ती, ठराव नव्हता तसा.

वऱ्हाडी_पाटी

ठराव नव्हता म्हणे! ठराव करून कोण वेगळं बसवतं हो? माझंच सांगते, १९८६. मी शहरातल्या मुलींच्या एका वसतिगृहात राहायला गेले, नाव सांगत नाही. मेसमध्ये स्टीलची ताटं, सगळी सारखी. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मला रोज तेच ताट येतंय. उलटं करून पाहिलं तर खाली, बुडाला, गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा. तिघींच्या ताटांना होता तो ठिपका, आणि आम्ही तिघी कोण हे सांगायची गरज नाही. वॉर्डनला विचारलं तर म्हणाल्या मला काहीच माहीत नाही, कुणी मुद्दाम केलं नसेल. ठराव नव्हता!

आम्ही तिघींनी मग काय केलं, एका खोलीत राहायला गेलो. रविवारी आम्ही तिघी आणि दुसऱ्या वसतिगृहातल्या चार-पाच असं बसायला लागलो. एकमेकींच्या नोट्स, फीला पैसे कमी पडले तर वर्गणी, कुणाच्या घरून लग्नाचा दबाव आला तर सगळ्यांनी मिळून बापाला पत्र. आमच्या गटाला ना नाव होतं ना पिन. पण मी जेव्हा वाचलं की हॉवर्डच्या मुलींनी १९०८ ला काय केलं तेव्हा मला एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. आजही त्या आठ जणींपैकी सहा जणी दर महिन्याला फोनवर असतो. एक शाळा निरीक्षक झाली, एक बँकेत मॅनेजर. यात समाजसुधारणा कुठे असं विचारणाऱ्याला मी काय सांगू?

मुक्काम_डलास

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पण मला वेगळ्याच गोष्टीची काळजी आहे, विषयांतर झालं तर माफ करा. माझी लेक दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला भारतीय मुलींच्या एका सोरॉरिटीत जायचंय. भरपूर फी, दर आठवड्याला काहीतरी, रात्री दोनला फोन येतो की अमुक ठिकाणी ये. मी नाशिकला इंजिनिअरिंगला असताना रॅगिंग सोसलंय, रात्रभर उभं केलं होतं, माझा रूम पार्टनर कॉलेज सोडून गावी गेला तो परत आलाच नाही. आपल्याकडे १९९९ ला कायदा झाला तोवर किती पोरांचं वाटोळं झालं. सोरॉरिटी म्हटलं की मला तेच दिसतं. लाइलबाई मोठ्या असतील, पण त्यांनी सुरू केलेल्या पद्धतीत "आधी सोस मग आमची हो" हे आलंच ना?

जाईजुई

दादा, काळजी अगदी बरोबर आहे आणि त्या संघटनांमध्येही मुलींना त्रास दिल्याच्या, दुखापतीच्या, जीव गेल्याच्या घटना झाल्यात, ते मी झाकणार नाही. १९९० ला या सगळ्या ब्लॅक संघटनांनी मिळून जुनी उमेदवारीची पद्धत (आत घेण्याआधी नव्या मुलींना सोसायला लावायची) अधिकृतपणे बंद केली, तरी लपूनछपून चालतंच. पण ते लाइलबाईंच्या डोक्यावर नका टाकू. संस्थापक वीस जणींत सात जणी दुसऱ्या वर्षाच्या होत्या, त्यांना कसलाही विधी न करता, नुसतं या म्हणून आत घेतलं होतं. सोसायला लावणं नंतरच्यांनी आणलं. लेकीला एवढंच विचारा की रात्री दोनला बोलावणाऱ्या मुली दिवसा दोनला तिच्या परीक्षेला मदत करतात का. उत्तरावरून कळेल.

मुक्काम_डलास

विचारलं. म्हणाली "बाबा तुम्हाला काही कळत नाही". बघतो.

रोखठोक_पुणे

वऱ्हाडी ताई, ताटाचं वाचून मी गप्प झालो होतो, ते चूकच, त्यावर वाद नाही. "ठराव नव्हता" हे वाक्य मी लिहायला नको होतं.

पण मग बहिष्कार सोसलेल्यांनी आत काय केलं तेही बोलूया की. या ब्लॅक सोरॉरिट्यांवर जुना आरोप आहे की गव्हाळ-उजळ मुलींना आधी घेत, तपकिरी कागदी पिशवी धरून रंग बघत अशा गोष्टी सांगितल्या जातात. अल्फा कप्पा अल्फाबद्दल तर जास्तच. बाहेरच्याने ठिपका लावला तर तो अन्याय आणि आपणच आपल्यात लावला तर परंपरा?

वऱ्हाडी_पाटी

हा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर नाही म्हणून मी देणार नाही. आमच्यातही आहे. पोटजातीवरून मुली नाकारतात, लग्नाच्या जाहिरातीत "गोरी" छापतात, निळ्या झेंड्याखाली बसून. माझ्या काळ्या रंगावरून मला सगळ्यात जास्त बोलणी माझ्याच मावशीने घातली. त्यामुळे त्या पिशवीची गोष्ट मला खोटी वाटत नाही. पण दोष दाखवायचा तर घरातल्यासारखा दाखवा, बाहेर उभं राहून दगड मारल्यासारखा नको.

सिंधूआत्या

मी फक्त वाचत होते इतके दिवस. तुम्ही सगळे संस्थापक कोण आणि मोर्चात कोण होतं यावर भांडताय. कोपऱ्यातल्या वाचकांनी लाइलबाई १९११ पर्यंत कुठे होत्या ते सांगितलं पण पुढे काय केलं ते कुणी सांगत नाही. जाईजुई, तुला माहीत असेल तर सांग ना. खजिनदार होत्या असं मी कुठेतरी वाचलं आणि माझ्या डोळ्यापुढे माझी आईच आली.

आई सांगलीकडच्या एका महिला मंडळाची ३१ वर्षं खजिनदार होती. अध्यक्ष बदलल्या, दोनदा मंडळ फुटलं, एकदा तर भिशीच्या पैशांवरून पोलिसात जायची वेळ आली. आईची लाल कापडी वही होती, ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वर रबर. एका ओळीत नाव, पुढे रक्कम, पुढे सही किंवा अंगठा. कुणी पैसे भरले नाहीत तर आई त्या जागी नुसती टिंब द्यायची, "थकबाकी" असा शब्द कधी लिहायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, उद्या तिच्या सुनेने वही बघितली तर. एका पानावर एकाच नावापुढे अकरा टिंबं आहेत आणि बाराव्या महिन्यात पूर्ण रक्कम. त्या बाईचा नवरा मिलमधून सुटला होता, मुलीच्या बाळंतपणाला मंडळानेच पैसे दिले होते. आई गेली तेव्हा मंडळाच्या फलकावर संस्थापिका म्हणून दुसऱ्याच बाईंचं नाव होतं, तसबीर होती, हार होता. आईचं नाव कुठेच नव्हतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

जाईजुई

आत्या, हेच तर मला पहिल्यांदा लिहायचं होतं आणि रागाच्या भरात राहून गेलं. हो, लाइलबाई १९२३ ते १९४६ राष्ट्रीय खजिनदार होत्या. पहिल्या वर्षी अध्यक्षसुद्धा त्या नव्हत्या बरं का, ल्युसी स्लो होत्या, ज्या पुढे हॉवर्डच्या विद्यार्थिनींच्या डीन झाल्या, लाइल उपाध्यक्ष. फिलाडेल्फियात आल्यावर थॉमस डरहम शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, लोंबार्ड स्ट्रीटवर, १९२१ पासून १९४८ ला निवृत्त होईपर्यंत. दिवसा शाळा, घरी मुलगा, आणि बाकी वेळात देशभरच्या शाखांची वर्गणी. गावात आयांचा क्लब काढला, पश्चिम फिलाडेल्फियात महिला मतदारांची संघटना उभी केली. १९२६ मध्ये इथली पदवीधरांची शाखा काढली.

आणि रोखठोक, "काम कुठे" विचारत होतात ना. १९३५ पासून सात-आठ उन्हाळे या बायकांनी मिसिसिपीत कापसाच्या मळ्यातल्या मजुरांसाठी दवाखाना चालवला. डॉक्टर डोरोथी फेरेबी प्रमुख. मळ्याचे मालक मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात, तर यांनी स्वतःच्या मोटारी भरल्या आणि मळ्यावरच गेल्या, झाडाखाली टेबल मांडून पोरांना घटसर्पाची आणि देवीची लस टोचली. १९३८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये कायदे करणाऱ्यांच्या मागे लागायला पूर्णवेळ ऑफिस उघडलं, ते नॉर्मा बॉइड यांनी, त्या वीस मोत्यांतल्याच एक. आणि या सगळ्या वर्षांत संघटनेच्या खजिनदार कोण होत्या ते बघा.

कोपऱ्यातला_वाचक

खजिनदारकीचा मुद्दा मी कमी लेखला होता. क्वांडरबाईंचं नाव घ्यायलाच हवं हा माझा आग्रह कायम आहे, पण लाइलबाईंना "कल्पना सुचली आणि निघून गेल्या" असं मी सुचवलं ते बरोबर नव्हतं.

एक आपल्याकडचं सांगतो. त्याच १९०८ ला मुंबईत बायकांसाठी सेवासदन निघालं, समाजसुधारक मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी काढलेलं, अध्यक्ष रमाबाई रानडे. मग १९०९ ला रमाबाईंनी पुण्यात सेवासदन काढलं. आज पुण्यात विचाराल तर सेवासदन म्हणजे रमाबाई, मलबारींचं नाव निघत नाही. कारण रमाबाई रोज तिथे जात, वर्गात बसत, १९२४ ला वारल्या तोवर. लोक संस्थापक त्यालाच म्हणतात जो रोज दार उघडायला येतो.

रोखठोक_पुणे

माझी आजी त्याच सेवासदनात शिवण शिकली. नववारीत, घरातून चोरून, पहिले सहा महिने तर देवळात जाते असं सांगून. मला हे माहीत होतं आणि तरी मी "निवडक जणींचा क्लब" वगैरे लिहिलं.

ठीक आहे. पार्टी क्लब हा शब्द मागे. जाजम विरुद्ध पिन हा मुद्दा मात्र मी सोडत नाही. तीन लाखांहून जास्त सदस्य झाल्या तरी आत यायला कॉलेजची पदवी किंवा कॉलेजात असणं लागतं, ती मिसिसिपीची कापूस वेचणारी बाई पेशंट झाली, सदस्य नाही झाली. सावित्रीबाईंच्या जाजमावर ती बसली असती.

वऱ्हाडी_पाटी

बसली असती. हे मान्य. जाईबाईही तिथे बसली असती, १९३७ ला नाही बसता आलं तिला.

आत्या, तुमच्या आईची वही आहे का अजून? फोटो काढून ठेवा. सगळ्या पानांचे, टिंबांच्या पानाचा आधी. आणि त्या फलकाचं काय झालं ते सांगा, मंडळ अजून चालू असेल तर मी पत्र लिहीन. पत्रं लिहायची सवय आहे मला.

सिंधूआत्या

वही आहे. डबाही आहे, झाकण जरा गंजलंय. मंडळ चालू आहे, आता खजिनदार एक तरुण मुलगी आहे, ती हिशोब मोबाईलवर ठेवते. पत्र तिच्याच नावे लिहा, पत्ता उद्या कळवते.